'का?' म्हणू देणारा गुरू

सॉक्रेटीस आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतो आणि विषाच्या पेल्यापाशी संपतो. खरे तर अथेन्सच्या या माणसाने आयुष्यभर एकच काम केले. बाजारात माणसे गाठायची आणि विचारायचे, न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय? उत्तर आले की त्यावर पुढचा प्रश्न. त्याने ग्रंथ लिहिला नाही. शिष्य प्लेटोने त्याचे संवाद लिहिले, प्लेटोकडे ॲरिस्टॉटल शिकला. इ.स.पू. ३९९ मध्ये तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून त्याला मृत्युदंड झाला. शिकवणी मात्र बंद पडली नाही.

असाच भीड न धरणारा गुरू आपल्या शेजारी होऊन गेला, संत सोहिरोबानाथ आंबिये. जन्म १७१४ चा. घराणे पेडण्यातील पालयेचे, वास्तव्य बांद्याला, काम कुलकर्णीपणाचे. आज पालये गोव्यात आणि बांदा महाराष्ट्रात. तेव्हा दोन्हीकडे सावंतवाडीकरांचा अंमल होता. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८१ ते १७८८ च्या दरम्यान. सीमा मागाहून आली!

गैबीनाथांचा अनुग्रह झाल्यावर त्यांनी कुलकर्णीपण सोडले. उतारवयात उत्तरेकडे गेले. महादजी शिंद्यांनी स्वतःची कविता दाखवली, तेव्हा स्तुती न करता त्यांनी परखड मत दिले, अशी कथा सांगतात. बक्षिसाच्या जागी खरे बोलणे सोपे नसते. 'सिद्धान्तसंहिता', 'अक्षयबोध' हे त्यांचे ग्रंथ. त्यांची पदे पं. जितेंद्र अभिषेकींच्या गळ्यातून घरोघरी पोचली. पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

आपल्या कन्नड घरांना हे नवे नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभव मंटपात अल्लमप्रभू, बसवण्णा यांच्यासमोर साध्या कष्टकऱ्यांनीही प्रश्न मांडले, अशी परंपरा सांगते.

आता आपल्या घरात पाहूया. मूल मराठीत 'का?' म्हणते, कन्नडमध्ये 'याके?' म्हणते, आणि आपण दोन्ही भाषांत त्याला गप्प बसवतो. "उलट बोलू नको, मास्तरांनी सांगितले तेवढे लिही." गुण मिळतात, पण विचारायची सवय मोडते. मग मोठेपणी कोणीही काहीही सांगावे आणि त्याने मान डोलवावी!

मास्तर म्हणा की मेष्ट्रु म्हणा, खरा गुरू तोच, ज्याच्यासमोर प्रश्न विचारायची भीती वाटत नाही. उत्तर येत नसेल तर "चल, मिळून शोधूया" म्हणावे. एवढे तर प्रत्येक आई-बापाला जमेल.