कॉम्प्युटर तीन, हिशोबही तीन? मग नेटवर्क कशाला!



धंदा जरा वाढला की आपण काय करतो? दुसरा कॉम्प्युटर घेतो. मग गोडाऊनला तिसरा. वायफाय आहे, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. झालं, आपलं ऑफिस नेटवर्कवर आलं! माझं स्पष्ट मत आहे: नाही आलं.

माझ्या एका बॅचला टाइल्सचा धंदा करणारे एक दादा होते. दुकानातल्या एक्सेलमध्ये एका डिझाइनचे ४० बॉक्स शिल्लक, गोडाऊनच्या एक्सेलमध्येही ४०. सकाळी दुकानातून ३० बॉक्सची ऑर्डर पक्की झाली. दुपारी गोडाऊनवरच्या मुलाने थेट आलेल्या ठेकेदाराला २५ दिले. दोघंही आपापल्या फाइलप्रमाणे बरोबर! पण एका गिऱ्हाइकाचा अॅडव्हान्स परत करावा लागला, आणि ते गिऱ्हाईक परत आलंच नाही.

आता रेल्वे बघा. पूर्वी आरक्षण रजिस्टरवर चालायचं. ज्या खिडकीवर तुमच्या गाडीचं रजिस्टर, तिथेच रांग. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत कॉम्प्युटरवर आरक्षण सुरू झालं. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबादलाही झालं. पण ही केंद्रं सुटी सुटी होती. १९९९ पर्यंत पाचही एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कुठे एका खिडकीवरून देशभरातल्या गाड्यांचं तिकीट मिळू लागलं. २००२ मध्ये तेच इंटरनेटवर आलं. खरी गंमत कशात आहे? खिडक्या हजारो, पण एका बर्थची नोंद एकाच जागी. नेटवर्क म्हणजे हे!

म्हणून माझा आग्रह आहे: मशीन नंतर, आधी ‘एकच रजिस्टर’.

खर्चाला घाबरू नका. एकाच जागेत दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर राउटर बहुतेक तुमच्याकडे आहेच. साधी नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. बिलिंग सॉफ्टवेअर घेताना मल्टी-युजर आहे का, एवढं विचारा. गोडाऊन लांब असेल तर ऑनलाइन चालणारं घ्या. अगदी सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकच गूगल शीट वापरली तरी चालेल. फक्त फाइलच्या कॉपी एकमेकांना पाठवणं आजपासून बंद.

पण एक लक्षात ठेवा. सगळं जोडलं की धोकाही जोडला जातो. एका मशीनवरचा व्हायरस बाकीच्यांपर्यंत पोचू शकतो. बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली असेल तर तीही वाचत नाही. काम झालं की काढून ठेवा. प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करा. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं तर गेस्ट नेटवर्क वेगळं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि हो, नेट गेलं तर काय? छापील बिलबुक गल्ल्यात असू द्या. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आज रात्री दुकान बंद करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्या मालाचा खरा आकडा नेमका कुठे आहे? उत्तर देताना दोन जागांची नावं आली, तर नवीन कॉम्प्युटर अजिबात घेऊ नका. आधी ते दोन आकडे एक करा.

भेटू पुढच्या भागात!