माती कुठून आली, ते आधी विचारा

परवा सकाळी बंद पडलेल्या कंपनीच्या मागच्या गेटातून मातीचे डंपर बाहेर पडताना पाहिले. मी टपरीवर चहा घेत होतो, तासाभरात चार गेले. शेड पाडून झाली, भंगार गेलं, आता प्लॉट नव्या पार्टीकडे गेलाय म्हणतात आणि पायाचं खोदकाम सुरू झालंय. चौकशी केली तर कळलं, दोन डंपर रस्त्याच्या भरावाला गेले आणि दोन शाळेच्या मैदानावर. मैदानात पावसाचं पाणी साचतं, त्यामुळे भराव हवाच होता. तो फुकट मिळाला. गावाच्या ग्रुपवर आभाराचे मेसेजही पडले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. माझे वडील त्या कंपनीत एकोणीस वर्षं होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, "माती पुढच्या बाजूची आहे की ईटीपीच्या मागची?"

मला माहीत नव्हतं. डंपरवाल्यालाही माहीत नव्हतं. ज्यांनी आभार मानले त्यांनी विचारलंच नव्हतं. म्हणून ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

कंपनीचं नाव घेत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. आणि मी कारखान्यांच्या विरोधात नाही, हेही आधीच सांगतो. आमचं घर त्याच पगारावर उभं राहिलं, माझ्या डिप्लोमाची फी त्यातूनच गेली. गावातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे.

ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. अण्णा सांगतात, तो बंद पडला की पाणी मागच्या कच्च्या खड्ड्यात सोडायचे. गाळ सुकला की वर मुरूम टाकायचा आणि शेजारी नवा खड्डा घ्यायचा. गळके ड्रमही तिथेच जायचे. हे सगळं दिवसाढवळ्या चालायचं. "साहेब सांगायचे, आम्ही करायचो. खाली जाऊन त्याचं काय होतं, ते कुणाला ठाऊक?" हे बोलताना अण्णा माझ्याकडे बघत नव्हते.

खाली जाऊन काय होतं, ते समजून घेऊ. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाषाणातून पाणी सरळ झिरपत नाही, ते भेगाभेगांतून वाट काढतं. त्यामुळे एकाची बोअर खराब लागते आणि शंभर फुटांवरच्या शेजाऱ्याची चांगली. मग चांगली बोअरवाला म्हणतो, "आमच्याकडे तर काही नाही," आणि विषय तिथेच संपतो. पण पुरलेला गाळ जागेवरच असतो. दर पावसाळ्यात पाणी त्यातून झिरपतं आणि थोडं थोडं घेऊन पुढे सरकतं. कारखाना बंद झाला म्हणून हे थांबत नाही. काही सॉल्व्हंट तर पाण्यापेक्षा जड असतात. ते खाली बसतात आणि वर्षानुवर्षं विरघळत राहतात.

आमच्या आळीतल्या विहिरीला पावसाळ्यानंतर उग्र वास येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मागे फिल्टर विकणारा मुलगा आला, टीडीएस मीटर पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "काका, आकडा चांगला आहे, पाणी बेस्ट." तो मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. सॉल्व्हंट आहे का, कीटकनाशक आहे का, पारा किंवा क्रोमियम घातक पातळीला आहे का, यातलं काहीही त्यावर कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वेगळी तपासणी लागते आणि कशाची तपासणी करायची ते आधी सांगावं लागतं. इथे कंपनीत काय बनत होतं, हे माहीत असणं कामाला येतं.

आता दोन ठिकाणांबद्दल सांगतो. दोन्ही महाराष्ट्राबाहेरची आहेत, पण दोन्हीकडे आपल्या नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, अभ्यास केलाय.

पहिलं राजस्थानातलं बिछडी, उदयपूरजवळचं छोटं गाव. १९८७-८८ च्या सुमारास तिथे एच-ॲसिड नावाचं रसायन बनवायला सुरुवात झाली. रंग तयार करायला ते लागतं, परदेशात मागणी होती. जेमतेम ३७५ टन माल निघाला. त्यातून गाळ निघाला सुमारे २,४४० टन, विषारी सांडपाणी वेगळंच. काही महिन्यांत विहिरींचं पाणी माणसांच्या, जनावरांच्या, शेतीच्या, कशाच्याच उपयोगाचं राहिलं नाही. लोक इतके खवळले की जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं. कारखाना बंद झाला. गाळापैकी ७२० टन खड्ड्यांत बंदिस्त केला गेला. बाकीचा आसपास पसरून वर माती टाकलेली निघाली. वर माती टाकली की दिसत नाही, एवढाच हिशोब.

१३ फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याने घाण केली त्यानेच ती साफ करण्याचा खर्च द्यायचा. आज पर्यावरणाच्या प्रत्येक खटल्यात 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व येतं, ते आपल्याकडे पक्कं करणाऱ्या निकालांत हा मोठा निकाल आहे. साफसफाईसाठी ३७ कोटी ३८ लाखांवर रक्कम ठरली. पण कंपन्या अर्जांमागून अर्ज करत राहिल्या आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला व्याजासकट ती रक्कम भरा असं पुन्हा सांगावं लागलं. निकाल गावाच्या बाजूने लागूनही पुढे पंधरा वर्षं गेली.

दुसरं भोपाळ. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना आठवते. पण त्या कारखान्याचा घनकचरा त्याच्या आधीपासून आवारात ठिकठिकाणी टाकला, पुरला जात होता आणि १९७७ पासून सांडपाणी बाहेरच्या तलावांत सोडलं जात होतं. आसपासच्या वस्त्यांचं भूजल त्याने बिघडलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या लोकांना पिण्याचं शुद्ध पाणी द्या. गोदामात साठलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला आणि जून अखेरपर्यंत तिथे जाळला. म्हणजे फक्त पिशव्यांत भरता येणारा कचरा हलवायला चाळीस वर्षं लागली. दूषित मातीचा नीरीचा २०१० चा अंदाज सुमारे ११ लाख टनांचा आहे. तिचं आणि खालच्या पाण्याचं काम अजून बाकीच आहे. मधल्या काळात मालकी बदलली, कंपनी विकली गेली, जागा सरकारकडे आली आणि जबाबदारी कुणाची यावर कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या.

आपली कंपनी या दोघांच्या मानाने चिमुकली आहे, हे मला कळतं. मुद्दा वेगळाच आहे. दोन्हीकडे सगळ्यात महाग पडला तो वेळ. जोवर जुना मालक सापडतो, जागा मोकळी आहे आणि खड्डे कुठे होते हे सांगणारी माणसं जिवंत आहेत, तोवर साफसफाई शक्य असते. एकदा प्लॉट हस्तांतरित झाला, वर गोदामाचा काँक्रीटचा कोबा पडला, की नवा मालक म्हणणार "आमच्या आधीचं आहे" आणि जुना म्हणणार "आम्ही विकून मोकळे झालो." आपल्याला मिळणार टँकर. टँकरने तहान भागते, विहीर साफ होत नाही.

आता कायद्याचं. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की संशयित जागा ओळखून राज्याच्या प्रदूषण मंडळाला कळवायचं काम स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाचं आहे आणि ते लोकांच्या तक्रारीवरूनही करता येतं. म्हणजे आपली ग्रामपंचायत हे करू शकते. कळवल्यावर मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज वाटली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जागा दूषित ठरली तर जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. एक मोठी उणीव आहे. साफसफाई कधीपर्यंत पूर्ण करायची, याची शेवटची मुदत नियमांत नाही. पण यादीत नावच गेलं नाही तर पहिले ९० दिवससुद्धा सुरू होत नाहीत.

मला माहीत आहे, काही जण काय म्हणतील. "कशाला बोभाटा करतोस? जमिनीचे भाव पडतील. गावाचं नाव खराब झालं तर मुलांची लग्नं जमणार नाहीत." ही भीती खोटी नाही. माझाही पाव एकर तिथेच आहे. पण वास आपण लपवू शकत नाही आणि पाहुणे पाणी पितातच. तपासणी झाली आणि पाणी चांगलं निघालं, तर तोच कागद भाव टिकवेल. खराब निघालं, तर ते आपल्याला आज कळायला हवं.

मैदानावरची माती स्वच्छही असेल. प्लॉटच्या पुढच्या बाजूला कँटीन आणि ऑफिस होतं, तिथली असेल तर बहुतेक काळजी नाही. पण 'असेल'वर आपण पोरांना खेळायला सोडायचं का?

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत मी चार गोष्टी मांडणार आहे.

१. तपासणी होईपर्यंत त्या प्लॉटमधून माती बाहेर जाऊ नये. मैदानावरचा ढीग ताडपत्रीने झाकावा, त्याचा नमुना तपासावा आणि तोवर मुलांना तिकडे जाऊ देऊ नये.

२. 'संशयित दूषित जागा' म्हणून ठराव करून तो प्रदूषण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा, पोचपावतीसह.

३. प्लॉटच्या आजूबाजूच्या विहिरी-बोअरची तपासणी दोनदा व्हावी, आत्ता उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. त्यात नुसते क्षार नकोत, धातू आणि सॉल्व्हंटही हवेत. निकाल पंचायतीच्या फळ्यावर लागावेत.

४. त्या कंपनीत काम केलेल्या सगळ्यांना एकदा एकत्र बसवून खड्ड्यांच्या जागा लिहून घ्याव्यात.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जमिनीखाली काय पुरलंय याचा नकाशा कुठल्या ऑफिसात मिळेल, अशी आशा मला नाही. तो आपल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि दरवर्षी त्यातलं एखाद-दुसरं माणूस कमी होतंय. त्यांच्यावर कुणी बोट दाखवणार नाही, हे आपण सगळ्यांनी त्यांना आधी सांगायला हवं. ते पगारी कामगार होते. खड्डे कुठे घ्यायचे, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

काल रात्री अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे प्लॉटचा नकाशा काढला. बॉयलर, ईटीपी, मागची भिंत, कोपऱ्यातलं चिंचेचं झाड. त्यात पाच खड्डे दाखवलेत. तिघांबद्दल त्यांना खात्री आहे, दोघांबद्दल नाही. "दुसऱ्या पाळीतल्यांना विचार, ते सांगतील," म्हणाले.

तुमच्या घरी कुणी दुसऱ्या पाळीला होतं का? असेल तर त्यांना ग्रामसभेला घेऊन या. चालवत नसेल तर मला फोन करा, मी गाडी घेऊन येतो.