धार आहे, पण कापत का नाही?

घरात गॅस आला आणि सरपण फोडण्याचे काम संपले, तरी कोकणातल्या कित्येक घरांत कोयता खुंटीला लटकलेलाच असतो. केरळात तो ‘वेट्टुकत्ती’ म्हणून भेटतो, ईशान्य भारतात ‘दाव’ म्हणून, तर दार्जिलिंग-देहरादूनकडच्या माजी सैनिकांच्या घरी कुकरीच्या रूपात. नावे वेगळी, पण घडण एकच: पाठीला जाड, वजनाला भारी आणि घाव घालण्यासाठी बनवलेले पाते.

आता या पात्याच्या वाट्याला दुसरीच कामे येतात. फणस फोडायचा, सुरणाचे तुकडे करायचे, लाल भोपळ्याच्या फाका काढायच्या. मग गृहिणीची तक्रार सुरू होते. परवाच धार लावून आणली, तरी भोपळा नीट कापला जात नाही, मध्येच तडकतो. सुरणात पाते अडकून बसते. बोल लागतो तो धारवाल्याला. पण बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याची काहीच चूक नसते. धार चांगलीच असते. अडचण असते ती धारेच्या मागे असलेल्या जाडीची.

धार वेगळी, जाडी वेगळी

पाते पदार्थात शिरते ते धारेच्या जोरावर. पण पुढे सरकताना त्याला स्वतःच्या जाडीसाठी वाट करावी लागते. पाते जाड असेल तर ते पाचरीसारखे काम करते, म्हणजे दोन्ही बाजू रेटून दूर ढकलते. लाकूड फोडताना हेच हवे असते. गाजर किंवा भोपळा मात्र अशा रेट्याने कापला जाण्याऐवजी फुटतो.

साधा हिशेब पाहा. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी २५ अंशांचा असेल, तर धारेपासून ५ मिलिमीटर वर पात्याची जाडी सुमारे ४.७ मिलिमीटर होते. तोच उतार १५ अंशांवर आणला, तर त्याच जागी जाडी सुमारे २.७ मिलिमीटर उरते. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचा उतार साधारण १५ ते २० अंशांचा असतो, घाव घालायच्या हत्यारांचा २५ ते ३० अंशांचा. कोयता सुरीसारखा चालत नाही, याचे मर्म इथे आहे.

शहाळेवाल्याचा कोयता कधी निरखून पाहावा. पाते रुंद आणि वजनदार, पण धारेकडे बारीक होत गेलेले. म्हणूनच शहाळ्याचे डोके तो दोन-तीन फटक्यांत उडवतो. ऊसतोडणीचा कोयताही हलका आणि पातळ असतो. कारागिराने कामाप्रमाणे पाते घडवलेले असते. आपल्या घरी काम बदलले आणि पाते तेच राहिले, एवढाच प्रश्न.

एका म्यानात तीन पाती

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. कुकरीच्या पारंपरिक म्यानात मात्र तीन पाती सुखाने नांदतात. मोठ्या कुकरीच्या मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. त्यातली ‘कर्द’ ही बारीकसारीक कापायची सुरी. दुसरी ‘चकमक’ बोथट असते. ती कुकरीची धार घासून सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला वापरतात.

यातला शहाणपणा घेण्यासारखा आहे. मोठे पाते तोडण्यासाठी आणि छोटे कापण्यासाठी, अशी वाटणी त्या कारागिरांनी आधीच करून ठेवली. तेव्हा कोयता बारीक करून घेण्याआधी घरच्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. यापुढे या पात्याने लाकूड, करवंटी किंवा हाड तोडायचे आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर कोयत्याला हात लावू नये, एक चांगली सुरी आणावी. उत्तर ‘नाही’ असेल तरच पुढे जावे. कारण घासून काढलेले पोलाद परत येत नाही. आजोबांच्या हातचा कोयता एकदा पातळ केला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

बारीक करून घेताना

गावठी कोयते आणि कुकऱ्या पुष्कळदा मोटारीच्या कमानीच्या पाट्यांपासून घडवलेल्या असतात. लोहार पाते तापवून त्याला पाणी देतो, तेव्हा धारेला कडकपणा येतो. कुकरीचे कारागीर तर किटलीने फक्त धारेवरच पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते, पाठ मात्र चिवट राहते आणि घावाचा हादरा सोसते.

हे पाणी उतरवणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कोरडे, वेगाने फिरणारे सहाणचाक. ठिणग्यांचा पाऊस पडतो, पाहणाऱ्याला वाटते काय झकास धार लागते आहे! पण पातळ धार क्षणात तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळसर झाक येते. धारेवर असा निळा पट्टा दिसला, तर तिथला कडकपणा गेला असे समजावे. ती धार लगेच बोथट होते. मग निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते.

म्हणून काम देताना पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात.

• नुसती धार नको, धारेमागची जाडी कमी करायची आहे, हे स्पष्ट सांगावे. नाहीतर कारागीर नेहमीसारखी धार लावून कोयता परत देईल.

• बादलीभर पाणी शेजारी हवे. दर एक-दोन फेऱ्यांनंतर पाते बुडवावे. उघड्या बोटाला चटका बसेल इतके ते तापू देऊ नये.

• सगळे पाते बारीक करू नये. मुठीजवळचा साधारण एक तृतीयांश भाग कापण्यासाठी बारीक करावा, कारण तिथे हाताचा ताबा चांगला राहतो. पुढचा भाग घावासाठी जाडच ठेवावा.

• उतार एकदम १५ अंशांवर नेऊ नये. आधी २० अंशांपर्यंत आणून काही दिवस वापरून पाहावा. आणखी घासणे केव्हाही शक्य असते.

घरीच करायचे असेल तर घाई नको. पाते लाकडी फळीवर पक्के आवळून कानस चालवावी. ती पकडत नसेल, नुसतीच घसरत असेल, तर पाते जास्त कडक आहे. मग खरखरीत धारेचा दगड घ्यावा. उतारावर मार्कर पेनने काळा रंग द्यावा. घासल्यावर रंग जिथून उडेल, तिथलेच पोलाद निघते आहे हे कळते. दोन्ही बाजूंना सारखेच घासावे. शेवटी बारीक दगडावर पाणी टाकून धार पाजळावी.

मग परीक्षा घ्यावी ती भोपळ्याचीच. फाक सरळ निघाली, तडकली नाही, तर काम जमले. वापरानंतर पाते दिव्यापुढे धरावे. धारेवर कुठे चकाकी दिसली तर ती तिथे वळली आहे. दाते पडले असतील तर ती फार पातळ झाली आहे. अशा वेळी दगडावर थोड्या उभ्या कोनात दोन-चार हात मारले, की धारेला जोर येतो.

थोडी काळजी हवीच

बारीक केलेला कोयता पूर्वीपेक्षा सहज कापतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. जुन्या सवयीने जोर लावणारा हात घसरला, तर जखम खोल होते. फणस कापताना पात्याला तेल लावतात, पण मुठीला तेल लागू देऊ नये. दुरुस्तीला नेताना पाते जाड गोणपाटात गुंडाळावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. तरीही उघडे पाते घेऊन बस-रेल्वेतून जाणे शहाणपणाचे नाही. काम झाल्यावर पाते धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी टांगावे.