चंद्रावर पोहोचलो, पण अमावास्या कळली नाही

गेल्या महिन्यात नरडाण्याला गेलो होतो. सकाळी आठला भाच्याला शाळेत सोडायला निघालो, तर आकाशात अर्धा चंद्र. भाचा सहावीत. "मामा, उरलेला अर्धा कुठे गेला?" मी इंजिनीअर माणूस! ऐटीत सांगितलं, "पृथ्वीची सावली पडते रे त्याच्यावर."

तो थांबला. "पण सूर्य तर इकडे पूर्वेला वर आलाय. मग आपली सावली तिकडे, पश्चिमेला खाली पडेल ना? चंद्रावर कशी जाईल?"

बोलतीच बंद.

सोमवारी पुण्यात कँटीनमध्ये आठ जणांना हाच प्रश्न टाकला. सहा जण म्हणाले सावली, सातवा म्हणाला गुगल कर, आठवा कॉलवर होता. सगळ्यांना भूगोलात नव्वदच्या वर मार्क, हे वेगळं सांगायला नकोच.

आणि हेच आपण 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी स्क्रीनसमोर टाळ्या पिटत होतो. त्या वेळी श्रावण शुद्ध सप्तमीचा जवळजवळ अर्धा चंद्र ढगांच्या वर होता. विक्रम उतरला तिथे नुकती सकाळ झाली होती. सौर पॅनलला पुढचे चौदा दिवस ऊन मिळावं म्हणून तर तो दिवस निवडलेला! खिडकीकडे कोणी गेलं? मीही नाही.

चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशात असतोच. त्यातला किती आपल्या बाजूला येतो, ती कला. सावली पडते ती ग्रहणात, तीही फक्त पौर्णिमेला. दर पौर्णिमेला नाही, कारण चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली. दोन कक्षा जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे राहू-केतू. त्यांना आपण हसतो, आणि दर महिन्याच्या अमावास्येला पृथ्वीची सावली लावतो. वा!

दोष पुस्तकातल्या त्या आकृतीचाही आहे. पृथ्वी आणि चंद्र वीतभर अंतरावर. पृथ्वी बास्केटबॉलएवढी धरली तर चंद्र टेनिसचा चेंडू, आणि अंतर सात मीटर. हे फळ्यावर मावत नाही, ग्राउंडवर मावतं. पण ग्राउंडवर नेऊन शिकवायचं म्हणजे पोर्शन कधी संपवायचा?

माझी आजी चौथी शिकलेली. संकष्टीला लोडशेडिंगमध्ये आम्हाला धाब्यावर पिटाळायची, "चांद निंघना का रे?" चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो हे तिला तोंडपाठ. पौर्णिमेला दिवेलागणीला, चतुर्थीला नऊच्या आसपास. आपण मात्र चंद्रोदय कॅलेंडरच्या चौकटीत वाचतो आणि मोदक ऑर्डर करतो.

कोणी म्हणेल, नोकरीत याचा काय उपयोग? अरे बाबा, प्रॉडक्शनला बग आला की पहिलं सुचलेलं कारण ठोकून देतोस का? आधी लॉग बघतोस ना? इथे लॉग रोज डोक्यावर आहे.

असो. पुढच्या वद्य अष्टमीला सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या गच्चीवर या. भाचा फोनवर असेल, शंका त्याला विचारा.