यीस्टची पुडी एकच, आतला माल मात्र वेगवेगळा. दुधाच्या पगारातून कापलेले पैसे वसूल होतात का?

अहिल्यानगर : राहुरी, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर तालुक्यांत संकरित गायींचे गोठे वाढले, तशी पशुखाद्याच्या दुकानांत पुड्यांची रांगही वाढली. आधी कॅल्शियमची बाटली, मग खनिज मिश्रण, लिव्हर टॉनिक आणि आता यीस्ट. ‘रोज चमचाभर टाका, फॅट लागेल, दूध वाढेल’ असे सांगून पुडी हातात दिली जाते. दूध केंद्रातून घेतली तर पैसे अनेकदा दुधाच्या पगारातून कापले जातात. खिशातून रोख जात नाही, म्हणून हिशेबही होत नाही.

हा हिशेब आता करायलाच हवा. 2024 मध्ये गायीच्या दुधाचे भाव पडले तेव्हा राज्य सरकारला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान द्यावे लागले. एवढ्या कमी पैशांवर धंदा उभा असताना गायीमागे रोजचे पाच-सहा रुपये ही किरकोळ रक्कम नाही.

‘यीस्ट’ म्हणजे नेमके काय?

खरी गोम इथेच आहे. पुडीवर मोठ्या अक्षरात ‘यीस्ट’ छापलेले असते, पण त्या नावाखाली निदान पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

1) जिवंत यीस्ट : ही सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाची सूक्ष्म बुरशी. ती गायीच्या कोटीपोटातला प्राणवायू वापरून टाकते. वैरण पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मानवत नाही, त्यामुळे त्यांचे काम सोपे होते. पोटातले आम्ल आटोक्यात राहायलाही मदत होते. हे यीस्ट पोटात कायमचे वस्ती करत नाही, म्हणून रोज द्यावे लागते.

2) यीस्ट कल्चर : यात यीस्ट, ते ज्यावर वाढवले तो माल आणि वाढताना तयार झालेले घटक एकत्र वाळवलेले असतात. इथे जिवंत पेशींची संख्या महत्त्वाची नसते. मात्रा ग्रॅममध्ये ठरते आणि ती जिवंत यीस्टपेक्षा बहुधा जास्त असते.

3) मृत यीस्ट : बिअर उद्योगातून उरलेले, वाळवलेले यीस्ट. यातून प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे मिळतात. जिवंत यीस्टचे काम त्याच्याकडून होत नाही. बिअर कारखान्यातून येणारा बार्लीचा ओला चोथा ही आणखी वेगळी वस्तू. तो मुख्यतः धान्याचा चोथा असतो.

4) यीस्टच्या पेशीभित्तिका : एमओएस किंवा बीटा ग्लुकन या नावाने, बहुधा ‘टॉक्सिन बाइंडर’ म्हणून विकल्या जातात. काही बुरशीजन्य विषे त्या धरून ठेवतात. मात्र अफ्लाटॉक्सिनवर बेंटोनाइटसारखी माती जास्त उपयोगी पडते. बुरशी लागलेला मका किंवा पेंड घालून वरून बाइंडर टाकणे हा उपाय नव्हे.

5) सेलेनियम यीस्ट : हे सेलेनियम पुरवण्यासाठी असते. सेलेनियम जास्त झाले तर विषबाधा होते. खनिज मिश्रणात ते आधीच असेल तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय वेगळे देऊ नये.

फरक किती पडतो?

परदेशातल्या अनेक प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष पाहिले, तर यीस्टमुळे दुधातली सरासरी वाढ दिवसाला साधारण एक लिटर किंवा त्याहून कमी दिसते. तीसुद्धा भरपूर दूध देणाऱ्या, मापून आहार मिळणाऱ्या गायींत. ताजी व्यायलेली गाय, खुराक जास्त असलेला आहार आणि उन्हाळ्याचा ताण, अशा वेळी उपयोग जास्त संभवतो. वाळल्या कडब्यावर असलेल्या, पाणी वेळेवर न मिळणाऱ्या गायीला यीस्ट देऊन चमत्कार होत नाही.

फॅटचेही तसेच. सुग्रास आणि भरडा जास्त, कुट्टी फार बारीक आणि कोरडी वैरण कमी, असे असेल तर रवंथ घटते आणि फॅट पडते. तिथे आधी आहार सुधारायला हवा. यीस्ट त्याला हातभार लावते, त्याची जागा घेत नाही.

पुडी उलटी करून पाहा

जिवंत यीस्टच्या पुडीवर एका ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी आहेत ते ‘सीएफयू’ या नावाने लिहिलेले असावे. बाजारात एका ग्रॅममध्ये 1 अब्ज, म्हणजे 100 कोटी पेशी असलेला माल मिळतो, तसा 20 अब्जांचाही मिळतो. गायीला रोज 10 अब्ज पेशी द्यायच्या ठरल्या, तर पहिल्या मालाचे 10 ग्रॅम लागतात आणि दुसऱ्याचा अर्धाच ग्रॅम. म्हणजे किलोचा भाव बघून स्वस्त-महाग ठरत नाही. आकडाच छापलेला नसेल तर पैसे कशाचे मोजतोय हे कळायला मार्ग नाही.

बनवल्याची आणि मुदतीची तारीखही पाहावी. जिवंत यीस्ट उष्णतेने आणि ओलीने मरते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून असलेली पुडी, किंवा उकडलेल्या गरम खुराकात टाकलेला चमचा, दोन्ही वाया. गोळी पेंड बनवतानाही वाफेची उष्णता लागते. त्यामुळे ‘यीस्टयुक्त’ गोळी घेताना ते उष्णता सोसणारे आहे का, हे विचारायला हवे.

साधा हिशेब

समजा पुडी 400 रुपये किलो आणि मात्रा 15 ग्रॅम. गायीमागे रोजचे 6 रुपये झाले. पाच गायींचे महिन्याला 900 रुपये. दुधाला 30 रुपये दर धरला, तर खर्च निघायलाच प्रत्येक गायीने रोज 200 मिली जादा दूध द्यायला हवे. गाय जास्त खाऊ लागली तर तो खर्च वेगळा.

ते मिळते का, हे गोठ्यातच तपासता येते. एकाच सुमारास व्यायलेल्या, जवळपास सारखे दूध देणाऱ्या गायी निवडाव्यात. निम्म्यांना यीस्ट द्यावे, निम्म्यांना नाही. बाकी आहार तोच ठेवावा. तीन-चार आठवडे रोजचे दूध वहीत लिहावे, फॅटही अधूनमधून तपासावे. दोन-चार गायींवरून पक्का निकाल लागत नाही, पण अंदाज नक्की येतो. फरक दिसला नाही तर पुडी बंद.

पगारातून पैसे कापणाऱ्या केंद्रांवरही जबाबदारी आहेच. पुडीचे पक्के बिल आणि आत नेमके कुठले यीस्ट आहे याची माहिती देणे त्यांना अवघड नाही. उत्पादकाचे दूध फॅट आणि एसएनएफच्या पॉइंटवर मोजले जाते, मग त्याला विकलेला मालही मोजूनच मिळायला हवा.