गटारातून गेलेला नळ

१९५५ च्या नोव्हेंबरात, पूर ओसरल्यावर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचा मैला दिल्लीच्या वजीराबाद उपसा केंद्राच्या तोंडाशी येऊन मिळाला, तेव्हा पाणीखात्याच्या अंमलदारांनी तुरटीचे व क्लोरीनचे प्रमाण तातडीने वाढवले, आणि विषमज्वरासारख्या जिवाणुजन्य रोगांची साथ त्या शहरात पसरली नाही. तरीही पुढील काही आठवड्यांत सुमारे २९ हजार दिल्लीकर काविळीने आजारी पडले. जपून ठेवलेल्या त्यांच्या रक्तद्रवाची फेरतपासणी १९८० च्या सुमारास झाली, तीत पुण्याच्या विषाणू संस्थेतील संशोधकांचाही वाटा होता. आणि ही कावीळ परिचित 'अ' प्रकारची नव्हती, हे तेव्हा उमगले. आज तिला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो.

या विषाणूचे क्रौर्य त्याच्या विलंबात आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, आणि तोवर फुटलेली वाहिनी सांधलेली असते, नळाचा नमुना निर्दोष ठरलेला असतो व तक्रारअर्ज दप्तरी दाखल झालेला असतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, हे खरे. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या शंभर स्त्रियांतील वीस-पंचवीस दगावू शकतात. ज्या घराने अशी सून किंवा लेक गमावली, त्या घराला साथ आटोक्यात आल्याचे सरकारी निवेदन कोणत्या तोंडाने वाचून दाखवावे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा कित्येकांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित पाण्यावाटेही पसरणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पोटाचे दुखणे ओसरते न ओसरते तोच शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पायांतील बळ जाते आणि काहींना श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. जुलाबांना किरकोळ मानण्याची आपली सवय किती घातक आहे, हे यावरून कळावे.

आपल्या नगरांतील जुन्या वस्त्यांत घरगुती नळजोडण्यांच्या गंजलेल्या नळ्या उघड्या गटाराच्या तळातूनच नेलेल्या असतात. पाणी दिवसातून तास-दीड तास येते. ते थांबले की नळीतील दाब नाहीसा होऊन भेगांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पहिली कळशी भरणारी बाई ते घरी नेते. जलकुंभात क्लोरीनची टीसीएल पावडर कितीही इमानाने टाकली, तरी ती या शेवटच्या शंभर हात अंतराचे रक्षण करू शकत नाही. म्हणून पाण्यातील क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीचा पिवळा रंग टाकीखाली पाहून समाधान मानणे मला अपुरे वाटते. तो शेवटच्या घराच्या नळावर पाहावा, तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरते की नाही याची नोंद प्रभागवार जाहीर व्हावी, आणि दवाखान्यांतील जुलाब-काविळीचे नोंदवहीतील तपशील दर आठवड्याला पाणीखात्याच्या नकाशाशेजारी ठेवून तपासले जावेत.

गटारांतील नळजोडण्या उचलून बाहेर घेण्याचे काम मात्र या नोंदींची वाट पाहत राहू नये. नगरपालिकांनी त्याची तजवीज येत्या अंदाजपत्रकातच करावी, नदीकाठच्या सुशोभीकरणाआधी करावी, आणि त्याचा खर्च मोलमजुरी करणाऱ्या नळधारकांच्या माथी मारू नये.