वंशावळीचा ताळा



ओझर, जुन्नर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातील आपल्या अनेक घरांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. पणजोबा मारवाडातून किंवा गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन निघाले आणि येथे त्यांनी दुकान मांडले. कथा खरी असेलही. परंतु मूळ गाव कोणते, संवत कोणता, असे विचारताच वडीलधारेही थबकतात. बँकेत एकाच नोंदीवर विसंबण्याची रीत नसते. दुसरी नोंद तिच्याशी जुळावी लागते. वंशावळीलाही हाच नियम लावावा.

पहिली नोंद घरातच असते. रोजमेळ आणि खतावणीच्या जुन्या वह्यांत माल, मिती आणि माणसे सापडतात. दुसरी नोंद कुलगुरू वा भाट यांच्या वहीत, तर तिसरी देरासरात असते. धातुप्रतिमेच्या पाठीमागील लेखात संवत, ज्ञाती, गच्छ आणि प्रतिमा भरविणाऱ्याच्या वडिलांचे नाव पुष्कळदा कोरलेले असते. येथे एक सावधगिरी हवी. मारवाडात संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळातील आकड्यात एका वर्षाचा फरक पडतो.

चौथी नोंद सरकारी. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, मिळकतपत्रिका आणि फेरफार पाहावेत. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव बुडाले म्हणून कागद बुडाला, असे समजू नये.

काही कागद मात्र जाणीवपूर्वक जाळले गेले. मे १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचा उठाव सुरू झाला. पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांची कर्जखते हिसकावून पेटविली. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर करण्याची सक्ती झाली. आपल्या पूर्वजांचा शोध घेताना हे पानही वाचावे लागेल. ज्या वहीत पणजोबांचा कष्टाचा संसार दिसतो, तिच्यातच एखाद्या कुळाचे न फिटलेले व्याजही दिसेल. जमेची बाजू तेवढी वाचून ताळेबंद होत नाही.

आयर्लंडमधील कुटुंबांचा अनुभव याहून कठीण आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार भस्मसात झाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके नष्ट झाली. तरी तेथील वंशजांनी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी, जमीन-आकारणीच्या याद्या आणि १९०१ व १९११ ची जनगणना पत्रके यांवरून घराणी पुन्हा जुळविली. एक कागद गेला, तर त्याच माणसाची सावली दुसऱ्या कागदावर शोधायची, हा त्यांचा धडा.

आपल्या शोधातील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांची. पुरुषांची सात नावे मिळतात. पणजीचे माहेर मिळत नाही. वारसनोंदींत विधवा वा कन्येचे नाव कधी कधी आढळते, पण तिचे माहेर, तिचे लाडके नाव, तिने केलेला वर्षीतप हे केवळ वृद्धांच्या स्मरणात असते. ते स्मरण कोणत्याही दप्तरात जमा नाही.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला दाखवाव्यात. आणि त्याआधी, घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिच्या आईचे व आजीचे नाव विचारून लिहून घ्यावे. वह्या आणखी काही वर्षे थांबतील.